पुण्यातली ब्रेक सर्व्हिस : आवाज ओळखणारे आणि पॉलिश पेपर मारणारे

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या बऱ्याच गॅरेजांबाहेर ‘ब्रेक क्लीनिंग’चा बोर्ड लटकतो. चारही चाकं उतरवायची, हवा मारायची, पॅडवर (ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, आवळणाऱ्या तुकड्यांवर) पॉलिश पेपर फिरवायचा, चाकं परत चढवायची. छोट्या गाडीला साधारण पाचशे ते बाराशे रुपये. हे परीक्षण या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: नीट केलेलं क्लीनिंग वर्षातून एकदा करून घ्यावं असं काम आहे. पण ब्रेकमधून आवाज येतोय म्हणून गाडी नेली आणि पॅड न मोजताच क्लीनिंग उरकून दिलं, तर पैसे पाण्यात. झिजलेल्या पॅडला कागद मारून आठ-पंधरा दिवस गप्प बसवता येतं, आणि तेवढ्या दिवसांत डिस्कची वाट लागते.

चांगला मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की नुसती गाडी चालताना? सकाळी पहिल्यांदाच येतो की दिवसभर? रिव्हर्स घेताना येतो का? खड्ड्यात? वळणावर कमी-जास्त होतो का? मग तो स्वतः एक चक्कर मारून येतो, काचा खाली आणि एसी-गाणी बंद ठेवून. त्यातही जो मुद्दाम भिंतीलगतच्या गल्लीतून गाडी नेतो तो जाणकार समजावा, कारण भिंतीवरून आवाज परत येतो आणि डावं चाक की उजवं हे चटकन कळतं. पेठांमधल्या गल्ल्यांचा एवढा एक उपयोग गाडीवाल्यांना नक्की आहे. याउलट ‘ब्रेकचा आवाज’ एवढं ऐकूनच जो जॉब कार्डवर ‘क्लीनिंग’ लिहितो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

आता आवाजांकडे. बारीक, सलग, कानात घुसणारा ‘चीं’ गाडी नुसती चालत असतानाही येत असेल आणि ब्रेक दाबला की बदलत किंवा थांबत असेल, तर तो बहुतेक वेअर इंडिकेटरचा. पॅडच्या लोखंडी पाठीला, बऱ्याच गाड्यांत फक्त आतल्या बाजूच्या पॅडला, स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी वाकडी पट्टी रिव्हेट केलेली असते. घासणारं मटेरियल दोन-तीन मिलिमीटरवर आलं की पट्टीचं टोक डिस्कला टेकतं आणि शिट्टी वाजते. ती वाजावी म्हणूनच बसवलेली असते. क्लीनिंगच्या नावाखाली होणारं सगळ्यात वाईट काम नेमकं इथलं: स्क्रू ड्रायव्हर घालून ती पट्टी मागे वाकवून टाकतात. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश, बिल पाचशे. त्यानंतर पॅड संपल्याची जी खबर येते ती थेट दुसऱ्या आवाजाने.

तो दुसरा आवाज म्हणजे ‘खर्रर्र’. ब्रेक दाबला की येतो, कानाइतकाच पायालाही पेडलमधून जाणवतो. मटेरियल संपून पॅडची लोखंडी पाठ बिडाच्या डिस्कवर घासत असते. डिस्कवर नख आडवं फिरवलं तर चऱ्यांमध्ये अडकतं. या अवस्थेत गाडी चालवत गॅरेजला नेणंही धोक्याचं, घाट उतरणं तर विसराच, टोइंग बोलवावं. पॅड वेळेवर बदलले असते तर दोन-अडीच हजारांत भागलं असतं, आता दोन डिस्कही धरा. पॅडला ढकलणारा पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर आलेला असतो, त्यामुळे त्याचं रबर बूट आणि सीलही तपासावं लागतं.

मोजमाप हा या सेवेचा गाभा, आणि तिथेच गफलत होते. छोट्या गाडीच्या नव्या पुढच्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर मटेरियल असतं, गाडीनुसार थोडं इकडे-तिकडे. त्यामागे पाच-सहा मिलिमीटरची लोखंडी पाठ. अलॉय व्हीलच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून बघणारे हौशी लोक दोन्ही मिळून मोजतात आणि ‘अजून बरंच आहे’ म्हणून निर्धास्त होतात. पाठ सोडून मोजायचं. तीनवर आलं की बदलायचं, दोनच्या खाली गाडी काढायची नाही. गॅरेजवाले मात्र मिलिमीटर सांगत नाहीत, टक्के सांगतात. ‘साहेब, तीस टक्के आहेत, अजून सहा महिने आरामात.’ दहाचे तीस टक्के म्हणजे तीन मिलिमीटर, म्हणजे संपले. कशाचे टक्के, असं विचारलं की समोरच्याची पारख लगेच होते. सरळ सांगावं: टक्के नकोत, पुढच्या दोन चाकांतल्या चारही पॅडचे आकडे जॉब कार्डवर मिलिमीटरमध्ये लिहा. वर्निअर कॅलिपर किंवा पॅड गेज काही फार महागडी वस्तू नाही. ज्या गॅरेजात ती नाही तिथे ब्रेकचं काम देऊ नये.

चारही का, तर बाहेरून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा कॅलिपर (दोन्ही पॅड धरून डिस्कवर आवळणारा भाग) सरकता असतो: पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला आवळतो. पुण्याचा पाऊस, चिखल, वर प्रेशर वॉशरचा मारा, यांनी पिनेवरचं रबर फाटतं, पाणी शिरतं, पिन गंजते आणि कॅलिपर सरकायचा थांबतो. मग एक पॅड सहा मिलिमीटरचा आणि त्याच चाकातला दुसरा दोनचा. आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल, किंवा एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकतोय. असं असताना नुसते नवे पॅड टाकणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत तेच बिल. लांबच्या फेरीनंतर एकच चाक इतरांपेक्षा फार तापत असेल, त्याच्या रिमवर काळी भुकटी जास्त बसत असेल, तर हीच शंका घ्यावी. हात रिमजवळ धरून बघावा, डिस्कला लावू नये.

काही आवाजांचा ब्रेक झिजण्याशी संबंधच नसतो, आणि ते ओळखून ‘काही करायची गरज नाही’ असं सांगणाऱ्या गॅरेजला पूर्ण गुण. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते. बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, तो सोसायटीच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत पुसला जातो. इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्त, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते आणि डिस्कला घासायची संधी कमी मिळते. ऑटोमॅटिक गाडी हिंजवडीच्या रांगेत हळूहळू ब्रेक सोडताना ‘घुर्रर्र’ करते, तेही पॅडचं दुखणं नव्हे: पॅड धड धरत नाही, धड सोडत नाही, अशा सीमेवरची ती थरथर आहे. ब्रेक नेमका पूर्ण सोडला की जाते.

अचानक सुरू झालेला पत्रा खरवडल्यासारखा आवाज, जो ब्रेक दाबला-सोडला तरी तसाच राहतो, तो बहुधा खडीचा. रस्ता खोदलेला आणि कडेला खडीचा ढीग, हे दृश्य शहरात शोधावं लागत नाही. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात एखादा खडा अडकतो. दहा-पंधरा फूट सावकाश रिव्हर्स घेतली तर कित्येकदा पडून जातो. नाही पडला तर चाक काढून पत्रा किंचित मागे ओढायचा, पाच मिनिटांचं काम. याचे क्लीनिंगचे पूर्ण पैसे लावणं ही लबाडी.

वेगाबरोबर वाढणारी ‘घूं’ वळणावर बदलत असेल तर व्हील बेअरिंग बघावं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. स्पीड ब्रेकरवर ‘खडखड’ होत असेल तर एक सोपी परीक्षा आहे: त्याच ब्रेकरवरून ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून जा. आवाज थांबला तर पॅड किंवा कॅलिपर ढिला आहे, पॅडला धरणाऱ्या क्लिपा गेल्या आहेत किंवा पिना झिजल्या आहेत. तसाच राहिला तर लिंक रॉड, बुश, सस्पेन्शनकडे वळा. रिव्हर्स घेऊन पुढे निघताना पहिल्याच ब्रेकला एकदाच ‘टक्’ होतं, तेही क्लिपांचं. पॅड आपल्या खाचेत पुढे-मागे आपटतो.

राहिला तो पॅड जाड असूनही हळू वेगात, सिग्नलजवळ येताना वाजणारा ‘कीं’. सगळ्यात जास्त क्लीनिंगची बिलं याच्यावर फाटतात. इथे पॅड आणि डिस्क एकमेकांना पकडत-सोडत फार वेगाने थरथरतात आणि डिस्क घंटेसारखी वाजते. ती थरथर जिरवायला पॅडच्या पाठीवर रबर आणि पोलादाच्या थरांची शिम असते, कडांना उतार दिलेला असतो आणि बाजूला स्टीलच्या क्लिपा. यातलं काहीही गायब झालं की नवा कोरा पॅडही किंचाळतो. घाईत काम करणारी पोरं जुन्या पॅडबरोबर शिमही भंगारात टाकतात. पॅड बदलल्यानंतर आठवड्यात आवाज सुरू झाला तर आधी हेच विचारावं: शिम लावल्या होत्या का?

दुसरं कारण घाट. सिंहगड किंवा दिवे घाट न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं की पॅडचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि डिस्कवर निळसर डाग पडतात. इथे मात्र पॉलिश पेपरला काम आहे: ८० ते १२० नंबरचा कागद सपाट फरशीवर ठेवून पॅड त्यावर आठच्या आकड्यात घासायचा, हातात धरून नव्हे, नाहीतर पॅडला गोलाई येते. वरची चकाकी गेली की पुरे. पण पॅड आतपर्यंत भाजला असेल, कडेला भेगा दिसत असतील, तर घासणं व्यर्थ. आणि डाउनहिलला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची सवय नसेल तर आवाज परत येणारच.

नीट केलेलं क्लीनिंग कसं दिसतं हे माहीत असलं की समोर उभं राहून बघता येतं. (समोर उभं राहू देत नसतील तर तेही एक परीक्षणच.) गाडी लिफ्टवर किंवा जॅकखाली स्टँड लावून, नुसत्या जॅकवर चाक काढलेली गाडी ही अपघाताची तयारी. कॅलिपर सोडला की तारेने स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबत ठेवला तर होज आतून फाटू शकतो. पॅड बसतात त्या खाचांमधला गंज तारेच्या ब्रशने काढायचा. दोन्ही पिना बाहेर काढून पुसायच्या. बऱ्याच कॅलिपरमध्ये या दोन पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबर बुश असतो. अदलाबदल झाली की नवी पिनही अडकते. ग्रीस सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठीचं हवं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की पिनेचं रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत कॅलिपर जाम. ग्रीसचा डबा दाखवा म्हणावं, लाजू नये. साफसफाईला ब्रेक क्लीनर स्प्रे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको, कारण तेलकट थर उरतो आणि पॅड तो पितो. तेल प्यालेला पॅड फेकायचाच. एअर गनने भुकटी उडवणं सर्रास चालतं, पण ती भुकटी फुप्फुसात जाते. ओलं करून पुसणारा कारागीर स्वतःचीही काळजी घेतो.

नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की ब्रेक ऑइल उलटं त्याच्या टाकीत चढतं. मधल्या काळात कोणी ‘लेव्हल कमी झाली’ म्हणून टॉपअप केलं असेल तर ते उतू जातं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पॅड झिजतात तशी टाकीतली लेव्हल उतरते, हे स्वाभाविक आहे. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर क्षणभर लुकलुकला तर आधी पॅड बघावेत आणि गळती तपासावी, बाटली नंतर. मागे डिस्क असलेल्या बऱ्याच गाड्यांत पिस्टन ढकलून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो. इथे क्लॅम्पने जोर लावणारा मेकॅनिक मोटर तोडून ठेवतो. काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

पॅड स्वतः आणायचे तर सुट्या भागांच्या दुकानांची नाना पेठ. छोट्या गाडीचा पुढचा सेट, म्हणजे दोन चाकांचे मिळून चार पॅड, कंपनीच्या खोक्यात किंवा नावाजलेल्या मेकचा साधारण हजार ते अडीच हजारांत येतो. त्याहून फारच स्वस्त मिळत असेल तर त्यात शिम नसतात, इंडिकेटर नसतो, म्हणजे संपताना तो काही न बोलता संपतो. दुकानात खोकं उघडून बघावं. पॅडच्या कडेला छापलेल्या कोडच्या शेवटी बऱ्याचदा ‘एफएफ’, ‘ईएफ’, ‘जीजी’ अशी दोन अक्षरं असतात: पहिलं सर्वसाधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला ‘एफएफ’ छान. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटात पकड सुटते. ‘ॲस्बेस्टॉस फ्री’ लिहिलेलं हवंच. सिरॅमिक पॅड भुकटी कमी करतात आणि शांत असतात, पण शहरातल्या हॅचबॅकला त्यासाठी दुप्पट मोजावेत असं वाटत नाही. बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, एकाच चाकाचे कधीच नाहीत.

डिस्कवर लेथ मारून (यंत्रावर कातून सपाट करून) देतो, असं सुचवलं तर डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेला किमान जाडीचा आकडा वाचून घ्यावा. लेथनंतरची जाडी त्याच्या वर राहणार असेल तरच. पातळ डिस्क लवकर तापते आणि वाकडी होते, मग पेडल पायाखाली धडधडतं. तेच दुखणं व्हील नट एअर गनने वेडेवाकडे आवळल्यानेही होतं. छोट्या गाड्यांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्यानेच.

कुठे जावं? कंपनीचं सर्व्हिस सेंटर अस्सल माल आणि लेखी आकड्यांसाठी बरं, पण तिथे क्लीनिंग हा पॅकेजमधला ठरलेला खोका असतो, टिकमार्क केला की झालं. पिना काढल्या का, हे फोरमनला विचारल्याशिवाय कळत नाही. गल्लीतल्या जुन्या गॅरेजात कान तयार असतो, वेळ दिला जातो, लेबरही कमी. ग्रीस आणि टॉर्क पान्याच्या बाबतीत मात्र मागे लागावं लागतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरपोच सेवा देणारे पॅड बदलण्यापुरते सोयीचे आहेत. आवाजाचं निदान त्यांच्याकडून करून घेऊ नये, टेस्ट राइडशिवाय ते होत नाही आणि लेथ, लिफ्ट काहीच हाताशी नसतं. मला विचाराल तर निदान गल्लीत, माल पेठेतून स्वतः बघून, आणि जुने पॅड परत मागून घ्यायचे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, हे या पॅकेजात सहसा नसतं आणि असायला हवं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. घाटात ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं, पॅड कितीही नवे असोत.

नवे पॅड बसल्यावर रिकाम्या सरळ रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम ब्रेक, असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट गाडी मोकळी पळवून. पूर्ण थांबून ब्रेक दाबून ठेवायचा नाही, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडी कुरकुर चालते. त्यानंतरही ‘कीं’ राहिला तर त्याच गॅरेजला परत न्यावं, आणि पुन्हा क्लीनिंगचे पैसे देऊ नयेत.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचं बरेच जण विसरतात. तिथे पॅडऐवजी शू असतात, सावकाश झिजतात, पण भुकटी ड्रममध्येच साठते आणि पावसाळ्यात तिचा लगदा होतो. गाडी हँडब्रेक लावून चार दिवस पावसात उभी राहिली की शू ड्रमला चिकटतात. निघताना ‘ठाक’ असा आवाज होऊन चाक सुटतं. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून, चाकाला ओंडका लावून हँडब्रेक सैल सोडणं बरं. क्लीनिंगमध्ये ड्रम उघडले का, हे वेगळं विचारावं लागतं, कारण स्वस्त पॅकेजात ‘चारही चाकं’ म्हणजे पुष्कळदा पुढची दोनच असतात.